ढोलकी घेऊन गंगापूर रोडवर

सिन्नरच्या एसटी स्टँडवर वडिलांनी माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायला हात उचलला आणि मी मान मागे घेतली. आजूबाजूला माणसं होती, कंडक्टर दाराशी उभा होता. त्यांचा हात क्षणभर हवेतच राहिला. मग त्यांनी तो माझ्या पिशवीवर ठेवला आणि उगाचच तिचा बंद घट्ट केला. "रविवार चुकवू नको," ते म्हणाले. "आन चुकलाच तर घाबरू नको. म्होरल्या रविवारी जा."

वडील आमच्या खेड्यातले मिशनचे मास्तर. फादर महिन्यातून एकदा येत, बाकीच्या रविवारी प्रार्थना वडीलच घेत. मुलगा नाशकात कारखान्यात लागतोय याचा त्यांना अभिमान होता, आणि भीतीही होती. भीती खरी ठरली.

गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडून इकडे आलेल्यांना हे लिहितो आहे. तुम्ही मला आज वेदीवर उभा बघता. मधली वर्षं तुम्हाला माहीत नाहीत.

सातपूरच्या पहिल्या खोलीत आम्ही चौघं होतो. आईने दिलेलं येशूचं चित्र मी ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवलं. ते तिघं मला कधी वाकडा शब्द बोलले नव्हते. भीती माझी मीच गावाहून बरोबर आणली होती. पहिले काही रविवार खरंच शिफ्ट होती. नंतर शिफ्ट नसायची तरी गेलो नाही, कारण आता कुणीतरी विचारणार होतं, "इतके दिवस कुठं होतास?" प्रत्येक चुकलेल्या रविवारी तो प्रश्न आणखी मोठा होई. अशी अकरा वर्षं गेली. सुटीत गावी गेलो की वडील विचारत, "जातो ना रं?" मी हो म्हणायचो. ते पुढे काही विचारत नसत. वडील गेले तेव्हा त्यांच्या मातीच्या वेळी सगळं गाव त्यांचं आवडतं गाणं म्हणत होतं आणि मला दुसरं कडवं आठवेना. मी नुसते ओठ हलवले.

त्यानंतर रविवारच्या प्रार्थनेला परतलो. मार्थाशी लग्न झालं, पोरं झाली, आणि पन्नाशीच्या आत-बाहेर मी डीकन झालो. डीकन म्हणजे फादर नव्हे. घरसंसार सांभाळून, नोकरी करून देवळाच्या सेवेला लागलेला माणूस. मी मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, शुभवर्तमान वाचतो, आजाऱ्यांकडे जातो. गेल्या वर्षी फादर म्हणाले, "सटाण्याकडची, सिन्नरकडची आपली पोरं नोकरीला शहरात येतात आणि दिसेनाशी होतात. तुम्ही बघा." मी मान डोलावली. ज्यांना बघायचं होतं ती पोरं माझ्यासारखीच होती.

स्नेहल त्यांतली एक. सटाण्याजवळच्या खेड्यातली, पंचवीस-सव्वीसची, इथे एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. दोन वर्षं गंगापूर रोडला एका काकूंच्या घरात वरची खोली घेऊन राहते. तिच्या आईने फोनवर मला पत्ता दिला आणि ती रडली.

आमच्या गावी एखादं घर रविवारी दिसलं नाही, की संध्याकाळी वडील पाच-सहा जणांना घेऊन ढोलकी वाजवत, गाणं म्हणत त्या घरी जात. गाणं वळणावर ऐकू आलं की त्या घरात चहाचं आधण चढे. रुसलेला माणूस दारात येऊन हसायचा. मला दुसरी रीत माहीतच नव्हती. तेव्हा एका रविवारी संध्याकाळी मी, मार्था, फिलोमिनाबाई आणि आणखी तिघं, गळ्यात क्रूस, ढोलकी जोरात, गात गात काकूंच्या फाटकाशी उभे राहिलो.

समोरच्या बाल्कन्यांत लोक आले. काकू बाहेर आल्या. त्यांच्या मागे जिन्यावर स्नेहल उभी होती.

"स्नेहल, कोण गं हे? तुझ्याकडे आलेत का?"

तिने माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडे पाहिलं. "नाही काकू. माहीत नाही. चुकून आले असतील."

फिलोमिनाबाई म्हणाल्या, "अगं बाई, हीच तर ती..." आणि मार्थाने त्यांना असा चिमटा काढला की त्या "आई गं" म्हणून थांबल्या.

मी काकूंना हात जोडले. "चुकलं. पत्ता चुकला."

पेत्राने येशूला ओळखायचं तीनदा नाकारलं ते मी दर पवित्र आठवड्यात मोठ्याने वाचतो. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी एकेकदा नाकारलं, आणि त्या पोरीला नाकारायला मीच भाग पाडलं. माझी जी भीती मी ट्रंकेत दडवली होती, तीच मी तिच्या दारात ढोलकीवर वाजवली होती.

पुढचे तीन आठवडे मला नीट जेवण गेलं नाही. तिची खोली गेली असेल का? काकूंनी सामान बाहेर ठेवलं असेल का? ती फोन उचलेना. तिच्या आईला काय सांगू? दोन दिवसांनी मार्था म्हणाली, "जाळं टाकायला गेलात ते ढोलकी वाजवत. मासे पळणार नाहीत तर काय!" मला हसू आलं आणि लगेच रडूही.

चौथ्या आठवड्यात तिचाच फोन आला. "अंकल, लॅबच्या खाली चहावाला आहे, तिथे या. एकटे या." ती डब्यातला चमचा फिरवत बसली होती.

"खोली आहे ना?" मी बसायच्या आधीच विचारलं.

"खोली आहे. काकू काही बोलल्या नाहीत. पण रोज भाजी केली की हाक मारायच्या. त्या दिवसापासून मारली नाही." मग ती म्हणाली, "तुमचा राग नाही आला. मी नाही म्हटलं, त्याचा येतो."

"मिस्सेला..." मी सुरुवात केली.

"तेच. मी आत आले की सगळे वळून बघणार. मग तुमच्या त्या बाई विचारणार, इतके दिवस कुठं होतीस गं? मला नाही जमणार, अंकल."

तेव्हा मी तिला अकरा वर्षांचं सांगितलं. मार्थाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. ट्रंक, खोटं हो, विसरलेलं कडवं, सगळं.

"अकरा?" ती म्हणाली. "मग माझी तर दोनच झालीत."

"कुणी वळून बघणार नाही," मी म्हणालो. "मी तर नाहीच. एवढं माझ्याकडे लागलं."

"आणि काकूंची माफी मागायला येऊ का?" मीच पुढे विचारलं.

"नको नको! माझं मी बघते. तुम्ही परत ढोलकी आणाल."

आठवड्याने तिचा मेसेज आला. काकूंना तिने खरं सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, "मग त्या दिवशी खोटं का बोललीस? मी काय खाणार होते तुला?" आणि आत निघून गेल्या. खाली स्नेहलने लिहिलं होतं, "हाक अजून नाही. बघू."

ते खोटं निम्मं माझं होतं. ते ओझं माझ्यावर अजून आहे.

पूर्वी मला घर म्हणजे गाव वाटायचं, जिथे आपण दिसलो नाही तर लोक शोधत येतात. आता वाटतं, उशिरा आलेल्या माणसाला कुणी न बघता बसू देतं तेही घरच. मी फिलोमिनाबाईंना, सगळ्यांनाच, हात जोडून सांगून ठेवलं आहे, उशिरा कुणी आलं तर वळून बघायचं नाही. गेल्या रविवारी मी शुभवर्तमान वाचत असताना मागचं दार वाजलं. चपला काढल्याचा आवाज आला, मग कुणीतरी शेवटच्या बाकावर बसलं. ती असेल, नसेल. मी ओळीवर बोट ठेवलं, मान वर केली नाही, आणि पुढे वाचत राहिलो.