गुलमंडी ते जहाज: खाला, मी आणि चार नग

"टॅक्सीनं नेणार असशील तर मी येत नाय," खाला म्हणाली आणि विषय संपला.

विषय होता मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचा. मुंबई, गोवा आणि परत मुंबई. माझ्या ब्लॉगवर आजवर दौलताबाद, म्हैसमाळ आणि फार तर गणपतीपुळे एवढीच मजल. (नव्या वाचकांसाठी: मी परवीन, करमाडच्या शाळेत मराठी शिकवते. "शेख बाई आणि मराठी?" हा प्रश्न विचारून झाला असेल तर पुढं वाचा.) जहाजाचं खूळ माझं नव्हतं. खालाचं होतं. खाला म्हणजे माझ्या अम्मीची थोरली बहीण, रजिया, वय एक्याऐंशी. लग्न होऊन अजिंठ्याला गेली ती तिथलीच झाली, त्यामुळं तिची मराठी माझ्यापेक्षा गावरान. उभ्या आयुष्यात तिनं कोणाकडं काही मागितलं नाही. गेल्या दिवाळीत मात्र फोन करून म्हणाली, "मला एकदा जहाजात बसव. लवकर बसव." डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, हौस असेल ती आत्ताच पुरवा.

हौस नव्हती ती. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर काही महिन्यांनी माझ्या नानांनी, म्हणजे अम्मीच्या वडिलांनी, हिमरूचं कापड विणायचा माग विकला आणि बायको, दोन मुली घेऊन कराचीच्या जहाजासाठी मुंबई गाठली. रजिया सात वर्षांची, नूरी चार. गोदीत ही गर्दी. नाना कागदपत्रांच्या रांगेत, नानी पाणी शोधायला. रजियाला सामानावर बसवलं आणि सांगितलं, नग मोजत राहा, एकही कमी होता कामा नये. तिनं मोजले. एकही कमी झाला नाही. नूरी कधी उठून गेली ते तिला कळलं नाही. हिरव्या झबल्यातली पोर जहाजाच्या जिन्यावर बघितल्याचं कोणीतरी सांगितलं, तोवर जहाज सुटलं होतं. आठ दिवस शोधून तिघं गुलमंडीतल्या आमच्या घरी परत आली. कराचीला पत्रं गेली, उत्तर आलं नाही. माझी अम्मी त्यानंतर जन्मली.

"नूरीनं वरून मला हाक मारली असंल का, एवढंच बघायचंय," खालानं निघायच्या आधी आमच्याकडं राहायला आल्यावर मला सांगितलं. "वर उभं राह्यल्यावर खालचं दिसतंय का, ऐकू जातंय का. मी मान वर केलीच नाय ना. मोजत हुते."

आणि जायचं ते त्याच वाटेनं. रिक्षातनं स्टेशन, गाडीनं मुंबई, तिथून बसनं गोदी. "वाट बदलली तर ती कशी वळखंल?" हे ती इतक्या सहज म्हणाली की मी चहा गाळता गाळता थांबले.

दिवस पहिला, पहाट

सामान: चाकांच्या दोन बॅगा, एक डब्याची पिशवी, आणि खालाची पत्र्याची पेटी. चार नग. सामान घेऊन सार्वजनिक वाहनानं बंदर गाठायचं असेल तर माझा पहिला सल्ला: स्वतःला उचलता येईल तेवढंच घ्या आणि बॅगेची चाकं मोठी बघा. दुसरा सल्ला: पत्र्याची पेटी घेऊ नका. तिसरा: खाला ऐकत नसेल तर वाद घालू नका.

पेटीसकट सगळ्या सामानाला खालानं एकाच जुन्या ओढणीच्या चिंध्या बांधल्या. ही आमच्याकडची रीत. गर्दीत आपलं सामान लांबून ओळखू यावं म्हणून सगळ्या नगांना एका कापडाची गाठ. चार नगांच्या चार गाठी. तिच्या हातात पाचवी चिंधी होती. ती तिनं कुठं ठेवली ते मी बघितलं नाही.

गुलमंडीच्या कोपऱ्यावरून शेअर रिक्षा मिळाली. स्टेशनावर जालन्याकडून येणारी सकाळची मुंबईची गाडी वेळेवर होती. तिकीट आधीच काढून ठेवा, आयत्या वेळी खिडकीवर उभं राहिलात तर उभ्यानंच जाल. फलाटावर खालानं मोजणी केली. प्रत्येक नगावर हात ठेवून, मोठ्यानं. "एक. दोन. तीन. चार." मग हात तसाच पुढं गेला, माझ्या कमरेच्या उंचीवर, आणि हवेत थांबला. "पाच. चला."

"चारच आहेत, खाला."

"व्हय का?" ती म्हणाली आणि हात हळूच मागं घेतला. बोटं मात्र वळलेली राहिली, लहान मुलाचा हात धरल्यासारखी. वय झालंय, मी मनात म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला होता, पण तो मी पहाटेच्या गारव्याच्या खात्यावर टाकला.

मनमाड

डबा चांगला होता, चहा वाईट. आम्ही घरून नेलेल्या मसालेदार तहारी-भातावर ताव मारला. रोटेगाव गेलं तशी खाला गप्प झाली. मला वाटलं डोळा लागला. मनमाड आलं, गाडी थोडी थांबते, म्हणून मी पाण्याची बाटली घ्यायला उतरले. परत आले तर जागा रिकामी. सामानाचं फळकुट रिकामं. समोरची बाई दाराकडं बोट दाखवून म्हणाली, "त्या उतरल्या ना. म्हणाल्या गाडी बदलायचीय."

खिडकीतून बघितलं. फलाटाच्या मधोमध चारही नग रचलेले, आणि त्यांवर खाला, गुडघे जुळवून, पाय अधांतरी. एक्याऐंशी वर्षांच्या थकलेल्या हृदयानं ती पेटी कशी उतरवली ते अल्ला जाणे. पण का उतरवली ते माझ्या लगेच ध्यानात आलं. तिच्या लहानपणी आपल्याकडं छोटा रूळ होता. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला मनमाडला सामानासकट उतरून मोठ्या गाडीत बसावं लागायचं. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाशिवाय ही चूक कोण करणार?

मी धावले. "खाला, आता गाडी बदलत नाहीत! चला, शिट्टी झाली!"

तिनं माझ्याकडं बघितलं, पण ओळखलं नाही. "अम्मी पाण्याला गेलीय," ती बारीक आवाजात म्हणाली. "मी इथंच बसणार. मला मोजायचंय."

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. मला खरंच भीती वाटली, गाडी चुकायची नाही, दुसरीच. त्या उजेडात, चहा-चहा ओरडणाऱ्या माणसांत, माझ्यासमोर सात वर्षांची मुलगी बसली होती. मग मी मला कधी सुचलं नसतं ते बोलले. "रजिया, चल. नूरी पुढं गेलीय. आत बसलीय."

ती टुणकन उतरली. एका जवानानं पेटी चढवली, मी बाकीचं फेकलं, आणि गाडी हलली. आत आल्यावर समोरची बाई खिडकीजवळची जागा सोडून उठली होती, पदर नीट करत होती. "बसू दे," ती म्हणाली. कोणाला, ते मी विचारलं नाही. नाशिकला ती उतरली, आणि तोवर ती जागा तशीच रिकामी राहिली. बाई उभीच.

मुंबई: स्टेशन ते गोदी

दुपारी एकच्या आसपास सीएसएमटी. ज्यांना नियोजन करायचंय त्यांच्यासाठी: जहाजाचं चेक-इन साधारण तीनला बंद होतं, म्हणजे हातात दोन तास. स्टेशनापासून बॅलार्ड पिअर जवळ आहे, सामान नसेल तर चालत जा. सामान असेल तर बाहेरून बस घ्या, दुपारची रिकामी असते. ड्रायव्हरच्या मागची जागा धरा, तिथं पेटी मावते.

बस खरंच रिकामी होती. आम्ही दोघी आणि मागं एक पेपर वाचणारे गृहस्थ. कंडक्टर मशीन घेऊन आला.

"दोन फुल, एक हाफ?"

"दोनच," मी म्हटलं.

"आणि हिचं?" त्यानं खालाच्या बाजूला, खिडकीकडं बघून हनुवटी हलवली. मग त्याची बोटं मशीनवर थांबली. त्यानं डोळे मिचकावले. "सॉरी मॅडम. मला वाटलं मुलगी आहे बरोबर."

मी मागं वळून बघितलं. पेपर. रिकाम्या जागा. काचेवर ऊन. खाला म्हणाली, "काढ की तिचं बी." आणि मी, जी शाळेत भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना दहा ओळी लिहायला लावते, त्या मी निमूटपणे हाफ तिकीट काढलं. त्याबद्दल मला लाज वाटत नाही. त्या बसमध्ये तुम्ही असतात तर तुम्हीही काढलं असतंत.

बॅलार्ड इस्टेटचे रस्ते दुपारी इतके शांत की बॅगेच्या चाकांचा आवाज समोरच्या दगडी इमारतींवरून परत यायचा. दोन बॅगांची चाकं, आणि त्यामागं आणखी काहीतरी, अनवाणी पायांसारखं. मी थांबले की थांबायचं. आवाज घुमतो, दुसरं काय! मी हे स्वतःला तीनदा सांगितलं.

टर्मिनलवर सामान यंत्रातून जातं, विमानतळासारखंच. पेटी उघडायला लावली. आत खालाचे कपडे, आणि सगळ्यांत वर घडी घातलेलं हिरवं कापड, लहान मुलाच्या मापाचं. तपासणाऱ्या मुलीनं हळूच झाकण लावलं. "चार नग, बरोबर?" तिनं विचारलं. मी खालाकडं बघितलं. ती मोजत नव्हती. जहाजाकडं बघत होती.

"व्हय, चारच," ती म्हणाली. "ती गेली वर."

डेक

जहाजाचं वर्णन तुम्हाला हवं असेल, तर तेही सांगते. चकचकीत आहे, लिफ्ट आहे, जेवण भरपूर आणि गोडसर आहे, केबिन आमच्या मोरीपेक्षा जरा मोठी. पण आम्ही केबिनमध्ये गेलोच नाही आधी. थेट वर, कठड्यापाशी.

खूप उंच असतं ते. फोटोत कळत नाही. खाली धक्क्यावर माणसं फिरत होती, पण चेहरे नव्हते कोणालाच, नुसते माथे. गाणी लागली होती, खाली कोणीतरी तोंडाभोवती हात धरून ओरडत होतं आणि काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. माझ्या मनात आलं, हिला उत्तर मिळालं. नूरी ओरडली असती तरी खाली पोचलं नसतं. मी तसं म्हणणार होते.

"तिथं बघ," खाला म्हणाली. "गोदामाच्या कडंला. बोचक्यांवर कोण बसलंय."

कडेला ऊन होतं, दोन लोखंडी खांब होते. "कोणी नाही, खाला."

"मी हाय ती," खाला म्हणाली. "मान खाली घालून मोजती हाय. किती बारीक दिसती गं. केवढीशी हुते मी." भोंगा वाजला, अंगातून गेला. तिनं कठड्यावरून हात काढला आणि पूर्ण हात वर करून हलवायला लागली. चार वर्षांची पोर हलवते तसा, मनगटापासून. "बघ म्हणावं वर. बघ म्हणावं एकदा."

आणि मग तिचा हात थांबला. ती हसली. खाली कोणीतरी मान वर केल्यावर माणूस हसतो तशी. मी खाली बघितलं. दोन खांब, ऊन. जहाज सुटलं होतं, मधलं पाणी रुंद होत होतं. मी तिच्या कमरेला घट्ट धरून ठेवलं होतं आणि मला रडू येत होतं, पण का ते विचारलं असतंत तर सांगता आलं नसतं.

परत

गोवा सुंदर होता. खरं सांगायचं तर मी फारसा बघितला नाही. खाला दोन्ही दिवस गाढ झोपली आणि कितीतरी वर्षांत खाल्ली नसेल इतकी खीर खाल्ली. परतीच्या वाटेवर बस, गाडी, सगळं तेच. वाटेत तिनं एकदाही मोजलं नाही. मनमाडला ती खिडकीतून फलाट बघत राहिली आणि जागची हलली नाही.

गुलमंडीत अम्मी दारातच उभी होती. खाला खाटेवर बसायच्या आतच तिनं विचारलं. जन्मभर जे नाव तिच्या तोंडातून निघालं नव्हतं, ते घेऊन विचारलं.

"आपा, दिखी क्या नूरी?"

"ती कशी दिसंल? तिला मी दिसले," खाला म्हणाली. "रागावली नव्हती ती. लई उंचावर हुती ना, घाबरली हुती. पण रागावली नव्हती."

 अम्मीनं खालाच्या पायातल्या चपला काढल्या.

असं खरंच घडलं का, हे मला विचारू नका. प्रवासाचा खर्च, गाड्यांच्या वेळा, बॅगांची चाकं, हे विचारा, प्रतिक्रियांत उत्तर देईन. त्यानंतर खाला अजिंठ्याला गेली नाही, आमच्याकडंच आहे, आणि रोज दुपारी बोलते. नूरीला गूळ-शेंगदाणे आवडायचे. नूरी झोपेत हसायची. नूरी चावायची, ही बघ खूण. अम्मी भाजी निवडायची थांबून ऐकते आणि मध्येच विचारते, माझ्यासारखी होती का ती? अम्मी बहात्तर वर्षांची आहे. तिला या महिन्यात आणखी एक थोरली बहीण मिळाली. ती चार वर्षांची आहे.