शाफ्ट काढायच्या आधी आईनं थांबवलं

मंडळी, आज सकाळी तिसगावच्या घरासमोर गाडीची क्लचप्लेट बदलायला घेतली. त्यासाठी पुढच्या चाकांचे ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, काढावे लागतात. मी गाडीखाली सरकणार, तेवढ्यात आई समोर येऊन उभी राहिली.

"मागच्या चाकांना दगड लावलास का रं?"

"हँडब्रेक ओढलाय, आई."

"तुझे दादा बी असंच म्हनले हुते."

मी दगड लावले आणि तिच्यापाशी बसलो. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली. पुढची गोष्ट मात्र तिनं आज पहिल्यांदाच सांगितली.

बहात्तरच्या दुष्काळात दादा जुन्या जीपमधून गावाला पाण्याची पिंपं आणायचे. ओझ्यानं क्लच जळाला, तेव्हा अंगणातल्या उतारावरच जीपखाली शिरून त्यांनी शाफ्ट सोडवला. त्या जीपचा हँडब्रेक चाकांना नाही, शाफ्टलाच धरून ठेवायचा. शाफ्ट सुटला आणि जीप त्यांच्या अंगावर सरकू लागली. शेजारी आई वाटण वाटत होती. तिनं पाटा उचलून चाकाखाली सारला. जीप थांबली, दादा वाचले. आईची दोन बोटं गेली.

आम्हा भावंडांना ती बोटं कडबा कापताना गेली असंच सांगितलं होतं.

"खोटं का सांगितलंस?" मी विचारलं.

"लोकांनी त्यान्ला बोल लावला आसता. ते तर गावासाठीच राबत हुते."

मला पुढं काम सुचेना. तिचा हात हातात घेऊन तसाच बसून राहिलो. आपल्या आयांनी कुणाकुणासाठी काय काय झाकून ठेवलं असेल? तुम्ही कधी विचारलंय?