‘पिक अप’ची वाटणी

“मॅडम, तुम्ही हे कप उचला. तुम्हाला सराव असेल.”

सगळा हॉल हसला. मी उठलेही होते. दोन उष्टे कप हातात आल्यावर मला कळलं, आपण काय करतोय.

याच मार्चमधली गोष्ट. सेलूच्या एका शाळेत तालुक्यातल्या इंग्रजी शिक्षकांची बैठक होती. अशा बैठकीत मार्गदर्शक सर शिक्षक होतात आणि वर्षानुवर्षं वर्ग सांभाळलेले आम्ही विद्यार्थी होतो. बाकांवर बसतो. हात वर करतो. पुढे जाऊन अभिनय करतो. त्या दिवशी फळ्यावर ‘पिक अप’ लिहिलेलं होतं. एका क्रियापदाचे अर्थ किती, ते करून दाखवायचे.

मी तयारीनं गेले होते. माझी सवयच तशी आहे, आदल्या दिवशी सगळं मांडून ठेवते. उचलणे, म्हणजे लिफ्ट. कुणाला घ्यायला जाणे, कलेक्ट. ऐकून ऐकून शिकणे, लर्न. सुधारणे, इम्प्रूव्ह. सोडलं तिथून पुन्हा सुरू करणे, रिझ्यूम. पोलिसांनी पकडणे, अरेस्ट. आमच्या वस्तीत ‘उचललं’ म्हटलं की हा शेवटचा अर्थ सगळ्यात आधी समजतो.

तयारीला कारणही होतं. दहावीचं इंग्रजी मला द्या, असं मी किती वर्षं मागत होते. दरवर्षी माझ्याकडे पाचवी-सहावी. या वर्षी हेडमास्तर म्हणाले होते, “जूनपासून दहावी तुमची. फक्त बैठकीत मार्गदर्शक सरांच्या नजरेत या. त्यांचा शब्द चालतो.”

नजरेत मी आले. ओळख करून देताना सरांनी सगळ्यांना नाव आणि शाळा विचारली. मला आडनाव पुन्हा विचारलं. मग गाव. मग हसून म्हणाले, “अच्छा अच्छा. जय भीम.” आम्ही एकमेकांना जय भीम करतो तेव्हा छाती भरून येते. सरांचा जय भीम तसा नव्हता. तो बाकीच्यांना दिलेला इशारा होता.

मग अर्थ वाटले गेले. फोन उचलण्याचा अभिनय मागच्या बाकावरच्या सरांनी केला. स्टेशनवरून पाहुण्यांना गाडीत घेणे हे आमच्या संस्थाचालकांच्या पुतण्याला मिळालं, तो संस्थेच्या दुसऱ्या शाळेवर शिकवतो. त्यानं तोंडानं हॉर्नसुद्धा वाजवला. ऐकून भाषा शिकणे एका मॅडमना, कारण त्यांचा मुलगा पुण्यात असतो. कापसाचा बाजार वधारणे हे ज्यांच्या घरची जिनिंग आहे त्या सरांना. राहिलं साधं उचलणं. टेबलावर डस्टर होतं, खडू होता, सरांची स्वतःची बॅग होती. काहीही चाललं असतं. नुकताच चहा झाला होता. सरांनी कपांकडे बोट दाखवलं आणि नंतर माझ्याकडे.

सराव होता. खोटं कशाला बोलू? गावात मोठ्या घरचं लग्न असलं की आमच्या वस्तीतल्या बायांना निरोप यायचा, तो पत्रावळी उचलायचा. पंगत उठली की आई वाकून ओळीनं पुढे सरकायची. मी पाटी धरून मागे. एकदा वाढप्यांच्या घोळक्यातून कुणी तरी ओरडलं, “ए पोरी, लाडू राहिलाय बघ त्याच्यात, खाऊन टाक.” लोक हसले. मी आईकडे पाहिलं. आई वर न बघता म्हणाली, “हात चालव. कुणाकडं बघू नको.”

मी हात चालवला. पुढे वसतिगृह, बी.ए., बी.एड., नोकरी. मला वाटत होतं, ते सगळं मागे पडलं. पण कुणी बोट दाखवलं आणि माझा हात डोक्याला न विचारता पुढे गेला. सरांच्या बोलण्यापेक्षा मला त्या हाताची जास्त भीती वाटली. म्हणजे हुकूम अजून माझ्या अंगात बसलाय. बाहेर कुणी नुसतं बोट दाखवायचा अवकाश.

मी कप टेबलावर ठेवले.

“सर, मी नाही उचलणार. दुसरं वाक्य द्या.”

“अहो मॅडम, अभिनय आहे हा.”

“मग तुम्ही करा.”

सर फळ्याकडे वळले. “मॅडमना राग आला वाटतं. चला, पुढचं घ्या.” पुढचं घेतलं गेलं. माझं नाव पुन्हा पुकारलं नाही. मी शेवटपर्यंत बसून राहिले. उठून जायचं नव्हतं. उठून गेलं की रडायला गेली म्हणतात.

परत येताना माझ्याच शाळेतली मैत्रीण स्कूटीवर मागे बसली होती. म्हणाली, “कशाला इतकं मनावर घ्यायलीस गं? सर मजाक करायलते.”

“तुला का नाही सांगितलं उचलायला?”

“मला चौकातच सोड,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं. दार लावायला सांगितलं.

“मॅडम, सरांना एक फोन करा. सॉरी म्हणा. विषय संपला.”

“कशाबद्दल सॉरी?”

“ते मला नका विचारू. दहावी पाहिजे ना तुम्हाला?”

“पाहिजे.”

“मग करा की फोन. दोन शब्दांनी काय बिघडतंय?”

संध्याकाळी आईला फोन केला. ती गावाकडेच असते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नोकरी हाय बाई, संभाळ.” मग स्वतःहूनच म्हणाली, “त्या पत्रावळी जड न्हवत्या गं. वाकावं लागायचं, त्याचं लय वाटायचं.” आईच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. पत्रावळी उचलताना तिनं कधी वर पाहिलं नाही, ते तिच्या चेहऱ्यावरचं हे मला दिसू नये म्हणून.

रात्री मी ठरवलं. भाषेत शब्दाचे सगळे अर्थ सगळ्यांचे असतात. कुणी कोणता घ्यायचा, हे आडनाव विचारून ठरत नाही. त्या हॉलमध्ये ठरलं. शाळेच्या वेळापत्रकातही तेच ठरतं, फक्त तिथे कुणी हसत नाही. दहावी त्यांची, पाचवी-सहावी आमची.

सकाळी हेडमास्तरांपुढे उभी राहिले. बसले नाही.

“सर, फोन मी करणार नाही. दहावी काढून घ्यायची असेल तर कारण लेखी द्या.”

“असं कुठं लेखी देतात का मॅडम?”

“देता येत नसेल तर कारण नाही.”

ते कागद चाळत राहिले. “बघू,” म्हणाले. अजून बघतच आहेत. स्टाफरूममध्ये मी आले की बोलणं थांबतं. वेळापत्रकात दहावीच्या इंग्रजीपुढची जागा रिकामी आहे. संस्थाचालकांच्या त्या पुतण्याची बदली आमच्या शाळेवर होणार आणि दहावी त्याला मिळणार, असंही कानावर आलंय.

होऊ दे. जूनमध्ये शाळा उघडेल, त्या दिवशी पहिल्या तासाला मी दहावीच्या वर्गावर जाणार आहे. ज्याला अडवायचं असेल त्यानं वर्गाच्या दारात अडवावं. पोरांच्या देखत. कारण सांगून.