बर्फ तोलणारी सॉल्वेग

सॉल्वेग रुस्टाड आमच्या गावची नव्हे. दोन तासांवरच्या शहरात, हवामान कचेरीत ती नोकरीला होती. पण अकरा हिवाळे ती आमच्या शेतांत येत राहिली. पोकळ नळी बर्फात पार जमिनीपर्यंत खुपसायची, उपसून काट्याला लावायची. त्या वजनावरून बर्फात पाणी किती साठलंय आणि तो वितळला की नदी किती चढेल, ते तिला कळायचं.

त्या वर्षी मार्चअखेर तिने चर्चच्या सभागृहात सभा घेतली. गावाशेजारची रेड नदी एकोणचाळीस फुटांवर जाईल, असं सांगितलं. माझा अंदाज फूट-दोन फूट चुकू शकतो, तेव्हा बांध एक्केचाळीसचा घाला, हेही तिनेच सांगितलं. बाईंना आमच्या पाठी मोडायच्यात, असं मागून कुणीतरी बोललं. सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून गाव वाळूची पोती भरू लागलं.

ऑर्विल क्विस्टचं घर तेवढं बांधाबाहेर, अगदी काठावर. वय एक्क्याऐंशी, सोबत बायको लिओना. तो हलेना. एप्रिलमध्ये हिमवादळाची चिन्हं दिसली, तेव्हा समजूत घालायला मी गेले होते. तेवढ्यात सॉल्वेगचा फोन आला. ऑर्विलला कमी ऐकू येई, म्हणून लिओनाने फोन स्पीकरवर टाकला.

"ऑर्विल, दुपारी वादळ येतंय. रस्ता तीन दिवस बंद राहील. तोवर नदीच्या वरच्या अंगाचं पाणी तुमच्या खिडकीशी येईल. निघायचं तर आत्ताच."

"पोरी, सत्तर वर्षं नदीशेजारी काढलीत मी. तू तिला माझ्याहून जास्त ओळखतेस होय?"

"नाही. पण यंदाचा बर्फ मी तोललाय."

त्याने उठून खिडकीतून नदीकडे पाहिलं. मग लिओनाला म्हणाला, "कोट घाल."

मी दोघांना माझ्या घरी आणलं. तासाभरात समोरचं कुंपणही दिसेनासं झालं.

चौथ्या दिवशी नदी चाळीस फुटांवर थांबली. गाव एका फुटाने वाचलं. ऑर्विलच्या स्वयंपाकघरात खिडकीपर्यंत गढूळ पाणी होतं.

मे महिन्यात सॉल्वेग भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजायला आली. आभार मानणं ऑर्विलला कधी जमलंच नाही. त्याने तिला विचारलं, "माझ्याजोगं काही काम आहे का तुझ्याकडे?" होतं. पुलावरच्या मोजपट्टीवर पाणी किती, ते रोज सकाळी कुणीतरी कळवायला हवं होतं.

सहा वर्षं त्याचा फोन चुकला नाही. तो गेला, त्या सकाळचा आकडा लिओनाने कळवला.