साडूंचे जंतू

जाईल तिथं माणसांआधी मातीची ख्यालीखुशाली विचारणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच असेल, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. नशीब माझं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतनं रिटायर झाले, पण जंतूंची नोकरी काही सुटली नाही. एका लग्नात पंगत सोडून जनरेटरखालची डिझेल सांडलेली माती हुंगत बसले होते. नवरदेवाचा बाप मला विचारतो, "तुमच्या पावण्यांचं काय हरवलंय काय?" काय सांगणार, कपाळ.

माझं गॅरेज होतं. गाड्यांचं जळकं ऑइल मी वर्षानुवर्षं परसात ओतलं. गॅरेज बंद केल्यावर बायकोला तिथं झेंडू लावायची हौस आली, तर झेंडू सोडा, हरळीसुद्धा उगवेना. साडूंनी चिमूटभर माती हुंगली. "पावणं, मातीतलं काही जंतू तेल खात्यात. त्यांची बडदास्त ठेवायची, बास." बडदास्त म्हणजे रोज कुदळीनं माती खालवर करून वारा द्यायचा, पाणी शिंपडायचं, अधनंमधनं शेणकाला. खणणार मी, आणि हे कट्ट्यावर बसून म्हणणार, "हळू. जेवाय बसल्यात." एकदा मोरीतलं फिनेल परसात गेलं, तर दोन दिवस आमच्याकडं चहा घेतला नाही. "सुमन, भरल्या ताटावरनं उठवलंस की गं त्यास्नी," एवढंच बायकोला म्हणाले. रोज सकाळी एकच प्रश्न: "तेलाचा वास येतोय?" येतोय म्हटलं की, "मग खणा." पाठीचा पार भुगा झाला माझ्या.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचे गुडघे गेले. लेक वारणानगरला घेऊन गेली. कॉलनीत दुसरा मजला, जिना उतरवत नाही, हुंगायला माती नाही. सुटलो एकदाचा, असं मी बायकोला म्हणालोही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "पावणं, वास येतोय?" लेक म्हणते, दिवसभरात तेवढंच बोलतात.

श्रावणात वास गेला. सांगणारच होतो, तर आपणहून म्हणाले, "वास गेला की सांगा. माझं काम संपलं मग, रोज कशाला तुमास्नी तरास?"

झेंडू लागला, दसऱ्याला दाराला घरचं तोरण झालं, तरी रोज झेंडूत उभा राहून सांगतो, "येतोय की. चांगलाच येतोय."

"मग खणा," ते तरतरीत आवाजात म्हणतात. फोन ठेवू देत नाहीत, त्यांना कुदळ ऐकायची असते. त्यासाठी एक कोपरा मोकळा ठेवलाय. पाठ नको म्हणते, तरी चार घाव घालतो.

"हळू," पलीकडनं आवाज येतो. "जेवाय बसल्यात."