खंदकाला वळसा

आमच्या वावराच्या कडेला जुन्या गढीचं जे काही उरलं होतं, ते म्हणजे पांढऱ्या मातीचा ढिगारा, अर्धा बुरूज आणि तिथून वावराच्या मधोमध शिरलेला खंदक. गढी कोणाची, कोणत्या काळातली, गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना एवढंच ठाऊक होतं, की वखर घेऊन सरळ गेलं की खंदक येतो आणि बैल वळवावे लागतात. जन्मभर वळवले. "या धुऱ्यापासून त्या धुऱ्यालोक वखराचं एक तास सरळ मारीन म्हनलं होतं," एकदा पाय चेपत ते म्हणाले, "ते रायलंच."

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी खामगावला कॉलेजात परीक्षा सोडून बाकी सगळं करून घरी परतलो होतो. घरात शिकलेला मीच. मी ठरवलं, बाबांसाठी खंदक भरायचा.

आमच्या गावात सगळी धाब्याची, मातीच्या सपाट छपराची घरं. पावसाआधी धाब्यावर नवी माती टाकावीच लागते, आणि पाणी गळू न देणारी माती गढीचीच. दर वैशाखात सगळं गाव गाड्या घेऊन आमच्या वावरात यायचं. मी अट घातली: एक गाडी माती न्यायची, तर आधी एक गाडी भर खंदकात टाकायची. स्वतःच्या अकलेवर मी आठवडाभर खूश होतो.

"मुरूम टाकाले सांग त्याइले," बाबा म्हणाले.

लोकांनी टाकली ती धाब्यावरून खरवडलेली जुनी माती; नाहीतरी ती फेकायचीच होती. शेजारच्या काकांना मी हटकलं, तर गाडी रिकामी करता करता ते म्हणाले, "माती ते मातीच ना, बापू. खंदकात काय सोनं भरा लागते?" मलाही पटलं. भर इतकी मऊ, सपाट दिसत होती, की मुरूम मागणं मला अडाणीपणाचं वाटलं.

मृगानंतर वाफसा आला आणि बाबांनी बैल वखराला जुंपले. सरळ निघाले. खंदकाच्या जागी बैल आपणच थांबले. बाबांनी हाकारलं. दोन पावलं गेली आणि डावा बैल पोटापर्यंत रुतला. वरून वाळलेल्या त्या मातीखाली सगळा रेंदा होता.

दोरखंड घेऊन अर्धं गाव आलं. सगळ्यात पुढे काकाच. "मुरूम टाका लागत होता, बापू," जोर लावता लावता ते मला म्हणाले. बैल निघाला तेव्हा दुपार कलली होती. चिखलात बसलेल्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन बे, कॉलेजात खंदक नव्हता का?"

रुतायच्या भीतीने आता पूर्वीपेक्षाही लांबून वळावं लागायचं. पुढच्या साली बाबांनी कासरा माझ्या हातात दिला आणि वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसून, कुठून वळायचं ते हाताने दाखवत राहिले. दुपारपर्यंत माझे खांदे गेले. म्हटलं, "बाबा, उरलेलं उद्या करू."

"कर," ते म्हणाले. "आज काय अन् उद्या काय, वळाच लागन."