शेवटच्या पानावरचं उत्तर

औषधाच्या खोक्यातला पातळ कागद उलगडताना कुरकुरला, की जबलपुरातल्या त्या ऑफिसमधली एक दुपार आठवते. वर्तमानपत्र सोडून मी वैद्यकीय लेखनात आले होते आणि नोकरी कायम होणं पहिल्याच कामावर अवलंबून होतं. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णांसाठी हिंदी माहितीपत्रक लिहायचं होतं. छापण्याआधी मजकूर कुणाला तरी वाचून दाखवायचा, ही बातमीदारीतली सवय. म्हणून ते मी कांचघर वस्तीतून येणाऱ्या सफाईवाल्या दीदींना वाचून दाखवू लागले. त्यांनी मध्येच थांबवलं, "अच्छा, और बीच में छोड़ना हो तो? डॉक्टर गुस्सा तो नहीं होंगे?" चाचणी कधीही सोडता येते, कुणी रागावणार नाही, हे उत्तर शेवटच्या पानावर होतं. मी ते पहिल्या पानावर आणलं. आमचे नागपूरकडचे साहेब वैतागले, "काहून बदलवून राहिल्या, मॅडम? ही काय बातमी आहे?" मी म्हटलं, "सर, एकदा दीदींना वाचून दाखवा." त्यांनी जुना आणि नवा, दोन्ही मसुदे दीदींना वाचून दाखवले. नव्या मसुद्याचं पहिलंच पान ऐकून दीदी म्हणाल्या, "हाँ, अब डर नहीं लगता." साहेबांनी त्यावर सही केली. माझी नोकरी कायम झाली; पुढे मी दोन नोकऱ्या बदलल्या. त्या ऑफिसात मात्र प्रत्येक मसुदा आजही आधी दीदींना वाचून दाखवतात.